सौंदडीला पाणी

गवताला पाणी घालतात हे बघून माझी आई जेवढी हादरली, तेवढी ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतानाही हादरली नव्हती. फेब्रुवारीतली सकाळ होती. तिला चंडीगडला येऊन दोनच दिवस झाले होते. समोरच्या क्वार्टरमधले गृहस्थ लॉनवर पाइप सोडून पेपर वाचत बसले होते आणि पाणी गवतातून वाहत रस्त्याच्या कडेला चाललं होतं. आई खिडकीतून ते बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मला हाक मारली.

"काय गं, ह्यांची जनावरं कुटं बांधल्यात?"

"जनावरं नाहीत, आई. ते नुसतं लॉन आहे."

"मग गवात कोण खातंय?"

"कुणी नाही."

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की तो पाइप जणू मीच सोडला होता. जत तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळणाऱ्या बायकांत ती चाळीस वर्षं होती. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांडी विसळलेलं शेवग्याला आणि आंघोळीचं परसातल्या लिंबाला, हा तिचा हिशेब. माझंही बालपण त्यातच गेलं. नंतर मी शिकले, डॉक्टर झाले, बत्तीस सेक्टरच्या सरकारी इस्पितळात काचपट्ट्यांवरच्या पेशी बघायच्या कामाला लागले. नवरा तीस सेक्टरच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवतो. तिथलंच हे तळमजल्याचं क्वार्टर, मागं बऱ्यापैकी अंगण आणि दोन्ही वेळ नळाला पाणी.

या अंगणात मी काय काय दिवे लावले होते ते आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. लहानपणी जे जे मिळालं नाही ते ते मी इथं लावायला गेले. फणस लावला, तो जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत काळा पडला. केळ लावली, मे महिन्याच्या गरम वाऱ्यानं तिच्या पानांच्या चिंध्या झाल्या. नारळाचं रोप तर मी सुटकेसमध्ये घालून आणलं होतं, कपड्यात गुंडाळून. ते किती दिवस टिकलं हे विचारू नका. नवरा प्रत्येक मयतीला खिडकीतून "बिचारं" एवढंच म्हणायचा आणि मला त्याचा संताप यायचा.

आई आमच्याकडे आली ती हौसेनं नव्हे. वडील गेल्यापासून गावच्या घरात ती एकटीच होती. जानेवारीत हौदापाशी तिचा पाय घसरला. मनगट मोडलं, आणि सकाळपासून दुपारपर्यंत ती तिथंच पडून होती. दुधाचं भांडं न्यायला आलेल्या शेजारणीनं बघितलं म्हणून बरं. मला फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होते. पुढची पट्टी मी बघितली की नाही ते मला अजूनही आठवत नाही. मी तिची एकुलती एक. तिला घेऊन यायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

पण आणणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं. आमच्याकडे आई लेकीच्या घरी पाहुणी म्हणून येते. आठ दिवस, बाळंतपणाला फार तर दोन महिने. त्याहून जास्त राहिली की तिची तिलाच लाज वाटायला लागते. आई रोज सकाळी चहा पिताना विचारायची, "प्लास्टर कवा निघंल?" प्लास्टर निघालं. मग विचारायला लागली, "तिकीट कवाचं काढतीस?" मी म्हणायचे, थंडी जरा कमी होऊ दे. मग म्हणाले, एकदा डोळे तपासून घेऊ. कारणं संपत आली होती आणि मला रोज त्या हौदापाशी पडलेली ती दिसायची.

मार्चमध्ये नवऱ्याच्या एका सहकाऱ्यानं पिंजौरजवळची एक नर्सरी सांगितली. मी पुन्हा एकदा कंबर कसली. या खेपेला शास्त्रशुद्ध काम करायचं ठरवलं. फोनवर यादीच केली: सावली देणारं, लवकर वाढणारं, फुलं येणारं, कमी पाण्याचं. रविवारी आम्ही चौघं गाडीत बसून गेलो. आईला फिरणं होईल, हा एक हेतू. माझी चौदा वर्षांची लेक मागच्या सीटवर कानात काहीतरी घालून बसलेली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं.

नर्सरीवाले सत्तरीचे सरदारजी होते. मी यादी वाचून दाखवली. ते मान हलवत मला एकेक ऐटदार रोप दाखवत होते आणि मी प्रत्येकापाशी "याला पाणी किती?" विचारत होते. आई दिसेना. शोधलं तर ती पार मागच्या कोपऱ्यात, काळ्या पिशव्यांतल्या धूळ खात पडलेल्या रोपांपुढं उकिडवी बसली होती. एका काटेरी काटकीला तिनं दोन बोटांत धरलं होतं.

"सौंदड हाय ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात मी महिन्याभरात न ऐकलेलं काहीतरी होतं.

शमी म्हणजेच आमची सौंदड. गावाबाहेर माळावर दोन-चार होत्या. ज्या वर्षी विहिरी आटायच्या त्या वर्षीही त्या हिरव्या असायच्या.

सरदारजी मागून आले. "जंड है, माताजी. कोई लेता नहीं इसको आजकल. हमारे यहां तो ब्याह में पूजते थे." मग तेही तिच्याशेजारी उकिडवे बसले. आई तिच्या मराठीत सांगत होती, ते त्यांच्या पंजाबीमिश्रित हिंदीत सांगत होते, आणि दोघं एकमेकांच्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होते. मी यादी घेऊन उभीच. शेवटी सरदारजी माझ्याकडे वळून म्हणाले, "इसको पानी का लालच नहीं है, बेटा. बस जड़ में पानी खड़ा मत होने देना."

आम्ही ते एकच रोप घेऊन घरी आलो.

आईनं बऱ्या झालेल्या हातानं खड्डा स्वतः खणला, मला हात लावू दिला नाही. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि शेजारी बसून राहिली. अर्ध्या तासानंही पाणी तसंच होतं. "जिरत न्हाई हितं," ती म्हणाली. "चिकाट माती हाय. पाणी बेतानं." मग खड्ड्यात विटांचे तुकडे, वाळू घालून तिनं उंचवटा केला, त्यावर रोप लावलं आणि काठीला आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधून आधार दिला. हात झाडत उभी राहिली आणि तिथंच तिनं निकाल सांगून टाकला.

"पाऊस पडूस्तवर बगीन. जगली तर तिच्याकडं बगायला कुणीतरी लागंल, मग ऱ्हाईन. मेली तर म्या माज्या घरी. मग मला धरून ठेवायचं न्हाई. पक्कं?"

'पक्कं' म्हणायला ती महिन्याभरात इथंच शिकली होती. मी म्हटलं, पक्कं. आत येऊन मी बेसिनचा नळ सोडला आणि गार पाण्यानं तोंड धुतलं. माझ्या हातून या अंगणात एकही झाड जगलं नव्हतं.

पुढचं मला आता आठवलं तरी लाज वाटते. आई सहाला उठून पूजेला बसायची. तेवढ्यात मी मागच्या दारानं जाऊन तांब्याभर पाणी घालून यायचे. पाणी बेतानं, हे मी ऐकलं होतं. पण एप्रिलचं ऊन बघून धीर निघत नव्हता. दुष्काळात वाढलेल्या माणसाला झाड तहानेनं मरतं एवढंच ठाऊक. पाण्यानंही मरतं, हे पुस्तकात वाचलं तरी हाताला पटत नाही.

एप्रिलच्या अखेरीस पानं पिवळी पडायला लागली. मी घाबरले आणि तांब्याचे दोन तांबे केले. आणि काय आश्चर्य! चार-पाच दिवसांनी इस्पितळातून येऊन बघते तर रोप टवटवीत. पानं हिरवीगार, शेंड्याला नवी पालवी. पाणी लागू पडलं म्हणून मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मेच्या मध्यावर पुन्हा तेच. पिवळं पडलं, मी पाणी वाढवलं, पुन्हा टवटवीत झालं. नवराही जेवताना उगीच हसत होता. मी विचारलं तर "काही नाही" म्हणाला. आई मात्र दोन्ही वेळा गुडघे धरून बसली होती. मी तेल लावून दिलं, गोळ्या दिल्या, फार चालू नकोस म्हणून दम भरला.

जूनमधला तो रविवार. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता. आई शेजारच्या सूनबाईबरोबर गुरुद्वाऱ्यात पोळ्या लाटायला गेली होती. दर रविवारी जायची. सगळ्यांत पातळ पोळी तिची होते म्हणून तिथं तिचा मोठा मान. मी कपडे वाळत घालायला मागं गेले आणि सौंदडीकडे बघितलं. पानं झडली होती. उरलेली चार पानं हात लावताच गळाली. मी नखानं साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं. तपकिरी होतं. अजून खाली खरवडलं. तिथंही तपकिरी. बुडाशी आले तरी तेच.

मी तिथंच खाली बसले.

माती उकरली तर चिखल, आणि कुजक्या पाण्याचा वास. आणि त्या चिखलात, वाळक्या पाल्याखाली, एक पारदर्शक नळी. सलाइनची. मी ती ओढत गेले तर भिंतीच्या कडेनं ती कुंड्यांमागं लपवलेल्या पाच लिटरच्या कॅनपर्यंत गेली.

"हे काय आहे?" मी ओरडले. नवरा बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला.

"ठिबक," तो म्हणाला. "मिनिटाला अठरा थेंब. मी मोजून लावले होते."

"कधीपासून?"

"लावल्यापासूनच. तुझ्या हातनं झाडं जगत नाहीत, म्हटलं..."

तेवढ्यात दारात उभी असलेली लेक रडवेली होऊन म्हणाली, "मम्मा, मैं भी तो डालती थी. स्कूल से आके, पूरी बॉटल. मुझे लगा आजी चली जाएगी."

तिघांनी तीन वेळा, एकमेकांना चोरून! दुष्काळी भागातल्या बाईच्या सौंदडीला आम्ही उभ्या उन्हाळ्यात पाण्यात बुडवून मारलं होतं. मी उठले आणि गाडीची किल्ली घेतली. आई परत यायला दोन तास होते. पिंजौरला जायचं, तेवढ्याच उंचीचं रोप आणायचं, चिंधी जशीच्या तशी बांधायची. आईला फसवायचं. होय, फसवायचं. दुसरा उपाय असला तर सांगा.

सरदारजी पडवीत पंख्याखाली बसले होते. मी धापा टाकत म्हणाले, "अंकल, वो जंड का पौधा चाहिए. इतना बड़ा. बिल्कुल वैसा ही."

ते माझ्याकडे बघून हसले. "तीसरा भी गया?"

"तिसरं? नाही... तीसरा नहीं, एक ही था."

"ना जी. एक आप सब लेके गए. फिर दो माताजी ले गईं. अप्रैल में एक, मई में एक."

"कौन माताजी?"

"आपकी माताजी. और कौन." मग इकडं तिकडं बघून त्यांनी विचारलं, "वो मूंगफली वाली चटनी नहीं भेजी इस बार?"

मी पंख्याखालच्या स्टुलावर बसले. "किसके साथ आई थीं?"

"अकेली. कालका वाली बस से. नर्सरी के पते वाली पर्ची दिखाती हैं कंडक्टर को. वापसी में मैं बिठा देता हूं. पौधा गोद में रखती हैं, किसी को पकड़ने नहीं देतीं."

आई. एकाहत्तर वर्षांची, मनगट नुकतंच जुळलेली, हिंदीचे दहा शब्द येणारी माझी आई. मी इस्पितळात, नवरा प्रयोगशाळेत, पोर शाळेत असताना, चाळीस अंश पार केलेल्या उन्हात बसनं पिंजौरला येऊन, काट्याचं झाड मांडीवर घेऊन परत गेली होती. दोनदा! आणि मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. ज्या टवटवीत पालवीवरून मी स्वतःची पाठ थोपटली होती ती पालवी दुसऱ्याच झाडाची होती. आयुष्यभर मी एका पेशीचा दुसरीपासूनचा फरक सांगून पोट भरलं, आणि माझ्या दारातलं अख्खं झाड दोनदा बदललं तरी मला कळलं नाही.

पण त्याहून मोठा धक्का मला परत येताना, सिग्नलला थांबल्यावर बसला. झाड मेलं की जायला मोकळी, असं तिचंच म्हणणं होतं. दोन वेळा झाड मेलं. तिनं बॅग भरायची सोडून नवीन झाड आणलं. तिला जायचं नव्हतं. चार महिने मी जिला धरून ठेवायला धडपडत होते, ती दुसऱ्या टोकानं तेच करत होती. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा दिवा हिरवा झाल्याचं मला कळलं.

घरी पोचले तर आई आधीच आली होती. मेलेलं रोप उपटून बाजूला ठेवलं होतं आणि ती खड्ड्यातला चिखल हातानं बाहेर काढत होती. माझ्या हातातल्या रोपाकडं बघून म्हणाली, "आणलंस? बरं झालं. उद्या तुमी गेल्यावर म्या निघणारच होते. गुरवारीच गेलंय ते. तुला वाकून बगायला वेळ कुटाय?"

माझा पारा चढला. धक्का ओसरायला लागला की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. "एकटी जातेस? बसनं? या उन्हात? चक्कर येऊन पडली असतीस म्हणजे? हातात फोनसुद्धा नाही!"

"पर्ची व्हती."

"पर्ची! आणि आम्ही पाणी घालून घालून झाड मारतोय हे तुला दिसत होतं ना? मग थांबवलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की पयल्या दिवशी."

"रोज सांगायचंस! ओरडायचंस!"

आईनं चिखलाचे हात मांडीवर टेकले. "द्येवापाशी बसते त्या खिडकीतनं समदं दिसतंय. सकाळी तू चोरावानी येणार. दुपारी पोर. सांजच्याला जावई ती नळी बगायला वाकून वाकून. म्या जाऊ नये म्हणून करताय, हे काय मला कळत न्हाई व्हय?" तिनं चिखलातला विटेचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला. "बगायला बरं वाटायचं गं. ओरडून कशाला बंद पाडू?"

मागं दारात नवरा आणि लेक येऊन उभे होते.

"अगं, पण राहायचंच होतं तर सरळ सांगायचंस ना," मी म्हणाले. "हे सगळं कशाला?"

"म्या कशी सांगू? लेकीच्या घरात म्या हून म्हणू व्हय, ऱ्हाते म्हणून? तुमीबी कुणी म्हणला न्हाईसा."

"काय म्हणालो नाही?"

"ऱ्हा म्हणून."

मी तोंड उघडलं भांडायला. फेब्रुवारीपासूनचं सगळं आठवून बघितलं. प्लास्टर निघेपर्यंत थांब. थंडी जाऊ दे. डोळे तपासून घेऊ. गोळ्या संपेपर्यंत जाऊ नकोस. चार महिन्यांत मी तिला शंभर कारणं दिली होती. तो एक शब्द खरंच कुणी म्हटला नव्हता. मला वाटत होतं तो म्हणायची गरजच नाही.

मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर चिखलात बसले. पिशवी फाडून रोप तिच्या हातात दिलं. तिनं ते खड्ड्यात सरळ धरलं.

"आई, रहा," मी म्हणाले. "इथंच रहा. कायमची."

तिनं मान वर केली नाही. रोपाचा शेंडा जरा डावीकडे कलला होता, तो तिनं सरळ केला.

"माती लोट," ती म्हणाली. "आन् ही मेली तरी म्या ऱ्हाते. पाणी मातर घालू नका."